आठ कार्बनांची शेपटी

ताईच्या धाकट्या भावाला घरात सगळे ‘सरकार’ म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. सरकारची जेवायची वेळ साडेबारा म्हणजे साडेबारा. बारा एकतीस झाले की सरकार पाय आपटायचे, आणि बारा पस्तीसला शेजारपाजाऱ्यांना कळायचं, आज यांच्याकडे स्वयंपाकाला उशीर झालाय. पाहुणेरावळे, दवाखाना, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, सगळं दुपारच्या साडेबारा आणि संध्याकाळच्या साडेसातच्या मध्ये कसंबसं बसवायचं. वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली, नाव मात्र राहिलं.

सरकार जन्मला तेव्हा त्याच्यात दूध ओढायचीसुद्धा ताकद नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, एका गुणसूत्राचा एवढासा तुकडा याच्यात नाहीच. आजाराचं नाव लांबलचक होतं, ते आईला कधी धड उच्चारता आलं नाही. ती चमच्याने थेंब थेंब दूध पाजायची आणि ‘खात नाही हो, काही खातच नाही’ म्हणून येईल त्याच्यापुढे रडायची. साडेतीन वर्षांचा असताना त्याने एकदा आपणहून पाव मागितला. आईने आनंदाने अर्ध्या इमारतीला सांगितलं. बिचारीला काय माहीत, की ही भूक आता जी सुरू झाली ती कधी थांबणारच नाही.

भूक आपल्याला कळते असं आपल्याला उगाच वाटतं. आपली भूक जेवलं की जाते. सरकारची जात नसे. पोट भरलं हा निरोप त्याच्या मेंदूपर्यंत कधी पोचायचाच नाही. त्याने कच्चे बटाटे खाल्ले, शेजारच्या मांजराच्या ताटलीतलं खाल्लं, कचऱ्याच्या डब्यातलं काढून खाल्लं. अकरा वर्षांचा असताना एका दुपारी एवढं खाल्लं की पोट फाटता फाटता वाचलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि किल्ली आईच्या गळ्यात गेली. मुलगा वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. मनाने लोण्यासारखा. हजार तुकड्यांचं चित्र तो दोन दिवसांत जुळवायचा, तुकडा हातात घेतला की बघायचाही नाही, बोटांनीच जागा शोधायचा. कुणाचं डोकं दुखलं तर उशाशी जाऊन बसायचा. पण भूक उठली की त्याच्यातला तो मुलगा कुठल्या कुठे जायचा आणि उरायची ती भूकच.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. ती रसायनशास्त्राकडे का वळली हे तिला कुणी विचारलं नाही, कारण ते उघडच होतं. माणसाच्या जठरात भुकेचं एक हार्मोन तयार होतं. तयार होतं तेव्हा ते मुकं असतं, त्याने काही होत नाही. मग एक एन्झाइम येतं आणि त्या हार्मोनला एक शेपटी चिकटवतं, आठ कार्बनांची, स्निग्ध पदार्थाची. शेपटी लागली की ते हार्मोन जागं होतं, मेंदूत जाऊन ओरडतं, खा. सरकारसारख्या माणसांच्या रक्तात हे शेपटीवालं हार्मोन उतू जात असतं. त्यांची सगळी भूक त्याच्यामुळेच असते की नाही, यावर जाणत्यांमध्ये अजून वाद आहेत. पण ताई म्हणायची, वाद घालणाऱ्यांनी आमच्या घरी एक दिवस राहून दाखवावं. तिला त्या एन्झाइमचे हात बांधणारा एक लहानसा रेणू करायचा होता. गोळीत मावेल आणि पोटातून रक्तात जाईल असा. एवढं एकच काम घेऊन ती नऊ वर्षं एका प्रयोगशाळेत हूडपुढे, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापुढे, उभी होती. लग्न राहिलं, केस पिकायला लागले, पाठ धरली. प्रयोगशाळेजवळ एक खोली घेऊन ती राहायची आणि रविवारी घरी जायची.

दर रविवारी सरकार दारातच विचारायचा, “ताई, औषध झालं?”

ती म्हणायची, होतंय. तो म्हणायचा, बरं. आणि आत जाऊन पुन्हा तुकड्यांपाशी बसायचा.

आता प्रयोगशाळेत काय झालं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

दोनशे दहा रेणू करून झाले होते. काही विरघळत नव्हते, काही एन्झाइमला ढुंकून विचारत नव्हते. दोनशे अकरावा मात्र परीक्षानळीत असा चिकटला की एन्झाइम जागच्या जागी ठप्प. मग पाळी उंदरांची. उंदरांचं काम एक मैत्रीण बघायची. तिला सगळे उंदीरवाली म्हणत आणि तीही फोन उचलून ‘उंदीरवाली बोलतेय’ असंच म्हणायची. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं पाणी, मग सगळ्यांचं रक्त. आणि इथे एक मेख आहे. रक्त बाहेर काढलं की त्या हार्मोनची शेपटी गळायला लागते. रक्तातलेच दुसरे रेणू ती कुरतडून टाकतात. म्हणून रक्त काढल्या काढल्या नळी बर्फात ठेवायची, यंत्रात गरगर फिरवून वरचं पाणी वेगळं करायचं आणि त्यात लगेच आम्लाचे थेंब टाकायचे. आम्ल पडलं की शेपटी टिकते. नाही पडलं तर तासाभरात नळीत सगळी मुकीच हार्मोनं, आणि बघणाऱ्याला वाटणार, वा, औषध लागू पडलं.

त्या दिवशी उंदीरवालीला ताप होता. ताई म्हणाली, रक्त तू काढ आणि घरी जा, नळ्यांचं मी बघते. पाणीवाल्या बारा नळ्या झाल्या, आम्ल टाकलं, वहीत वेळ लिहिली. औषधवाल्या बारा यंत्रातून बाहेर काढून तिने मांडणीत लावल्या आणि तेवढ्यात घरून फोन आला. सरकार जिन्यावरून निसटून खालच्या दुकानात शिरला होता, दुकानदाराने हात धरला तर त्याला चावला होता, आणि आई फोनवर नुसती हमसत होती. ताई व्हरांड्यात गेली. आधी आईची समजूत, मग दुकानदारापुढे गयावया, मग सरकारला फोनवर घेऊन, ‘बाळा, घरी जा, आईचा हात धर.’ पस्तीस मिनिटं. परत आली तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. नळ्या मांडणीत नीट उभ्या होत्या, झाकणं लागलेली होती. तिला वाटलं, आम्ल टाकून झालंय. तसं तिने वहीत लिहिलं आणि चोवीसच्या चोवीस नळ्या गोठवायला ठेवून दिल्या.

निकाल आला तो बघून प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, खुर्चीतून उठलेच. औषधवाल्या उंदरांमध्ये शेपटीवालं हार्मोन पंचाऐंशी टक्क्यांनी खाली. एकूण हार्मोन मात्र तेवढंच. म्हणजे हार्मोन तयार होतंय, शेपटी लागत नाहीये. जे व्हायला हवं होतं, अगदी तेच. शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाला घ्यायचीही नव्हती. सरांनी सगळ्यांसाठी केक मागवला. ताईने आपला तुकडा खाल्ला नाही. सरकारच्या घरातली माणसं चारचौघांत गोड खाताना अजूनही अवघडतात.

तो रविवार नव्हता, तरी ती घरी गेली. आईला म्हणाली, उंदरांमध्ये काम झालंय. खूप लवकर आहे, अजून कितीतरी चाचण्या, माणसापर्यंत यायला वर्षं लागतील. हे सगळं ती म्हणाली, पण हसत म्हणाली, आणि आईने शब्द ऐकलेच नाहीत, हसणं तेवढं बघितलं. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “केलंस गं बाई तू. केलंस.”

त्याच महिन्यात केंद्रातून पत्र आलं.

केंद्र म्हणजे सरकारसारख्या मोठ्या झालेल्या मुलांना सांभाळणारी जागा. शहराबाहेर, झाडं-बिडं होती, माणसं शिकलेली होती, स्वयंपाकघर कायम बंद. अठराच जागा. नाव नोंदवून सहा वर्षं झाली होती आणि आता एक जागा रिकामी झाली होती. पंधरा दिवसांत कळवा. आई एकाहत्तर वर्षांची, रक्तदाब वर चढलेला, जिना चढताना दोनदा थांबायची. ही जागा घ्यावी म्हणून ताईनेच सहा वर्षं केंद्राचे उंबरठे झिजवले होते.

आईने पत्र वाचलं, घडी करून ठेवलं आणि म्हणाली, नको.

ताईने विचारलं, का. आई म्हणाली, आता कशाला? दोन-तीन वर्षांचा प्रश्न. एवढं काढलं, तेवढं काढीन. औषध आलं की तो आपल्यासारखा बसून जेवेल, मग त्याला परक्यांच्यात कशाला ठेवू. आणि तिकडे कुणाला माहीत असणार, कुणाचं डोकं दुखलं की त्याला उशाशी जाऊन बसायला लागतं ते.

ताईने तेव्हा म्हणायला हवं होतं, आई, दोन-तीन नाही, दहा वर्षं लागतील, कदाचित कधीच नाही. तिला हे माहीत होतं. पण तिलाही त्या पंचाऐंशी टक्क्यांची चटक लागली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा आपण घरच्यांना काहीतरी दिलं, हे तिला सोडवेना. ती म्हणाली, तुला वाटतं तसं. केंद्राला नकार तिनेच कळवला, तिच्याच अक्षरात.

पुढची चाचणी मोठी होती, औषधही जास्त लागणार होतं. चौदा पायऱ्या करून तो दोनशे अकरावा रेणू पाच ग्रॅम बनवायला ताईला साडेतीन महिने लागले. या वेळी सगळं उंदीरवालीने केलं, तिच्या शिस्तीत. निकाल आला, फरक शून्य. सर म्हणाले, पुन्हा करा. पुन्हा केलं. शून्य. औषध परीक्षानळीत चालत होतं, पण उंदराच्या यकृतात पोचलं की तासाभरात त्याचे तुकडे होत होते. मग पहिल्यांदा कसं चाललं? उंदीरवालीने ताईला विचारलं नाही, पण दोन दिवस तिच्याशी बोलताना नजर चुकवत राहिली.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईने गोठवणीतून पहिल्या चाचणीच्या नळ्या काढल्या. प्रत्येकीत थोडंथोडं उरलं होतं. चोवीस कागदी पट्ट्या ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर एकेक थेंब सोडला. आम्ल असलं की पट्टी लाल होते. पाणीवाल्या बाराही लाल झाल्या. औषधवाल्या बाराच्या बारा हिरव्या राहिल्या.

ताई स्टुलावर बसली. फोन काढून जुनी यादी बघितली. घरचा फोन, पस्तीस मिनिटं. वहीत तीच तारीख, आणि पुढे तिच्याच नीटनेटक्या अक्षरात ‘आम्ल घातलं’. तिला हसू आलं, म्हणजे रडू यायच्या आधी येतं तसलं. कुणी फसवलं नव्हतं. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं त्याच्याच भुकेने फोन केला होता.

तिने पट्ट्या उचलून सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सर चांगला माणूस. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना. म्हणाले, अशा चुका होतात, तू स्वतः शोधलीस हे मोठं आहे. पण वरच्यांना कारण हवंच होतं. दीड महिन्यात ते एन्झाइम यादीतून काढलं गेलं, ताईला त्वचेच्या मलमाच्या कामावर टाकलं, आणि दोनशे अकराच्या बाटलीवर नाव-तारीख लिहून ती कपाटात गेली.

ताईने केंद्राला फोन केला. जागा केव्हाच भरली होती. बाईंनी गोड आवाजात सांगितलं, नाव पुन्हा शेवटी लावून घेते, चार-पाच वर्षं धरून चला.

आणि आईला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही. प्रत्येक रविवारी ती ठरवून जायची आणि प्रत्येक रविवारी आई जिन्यातच म्हणायची, कसं चाललंय आमचं औषध? आई इतकी वर्षं सुकत चालली होती, ती आता जरा टवटवीत दिसायला लागली होती. फेरीवाल्यांशी घासाघीस करायची, गाणं गुणगुणायची. एकदा तिने एक चिनी मातीची ताटली विकत आणली, निळ्या काठाची. सरकारसाठी. म्हणाली, तो बरा झाला की याच्यात वाढीन, हवं तेवढं. ताईने ताटली उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, छान आहे.

असे पाच महिने गेले. एका मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटांनी ताईच्या फोनवर घरचा नंबर आला.

सरकार म्हणाला, “ताई, आई पडली. उठत नाहीये.”

रुग्णवाहिका आणि ताई एकदमच पोचल्या. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. आई टेबलाच्या पायाशी आडवी पडली होती, तोंड वाकडं झालेलं, डोळे अर्धे मिटलेले, एका हाताची बोटं हलत होती. डोक्याखाली टॉवेलची घडी होती. ती सरकारनेच ठेवली होती. तो भिंतीला टेकून उभा होता, छातीवर साखर सांडलेली. आईला झोळीत घालून खाली नेईपर्यंत ताईने इकडेतिकडे बघितलं नाही. पर्स घ्यायला परत वर आली तेव्हा बघितलं. फ्रिज उघडा. पावाचं वेष्टण रिकामं. अंड्यांची कवचं, सात. साखरेचा डबा तळापर्यंत चाटलेला. आणि मंद आचेवर बटाट्यांचं पातेलं. त्यातलं पाणी पूर्ण आटून बटाटे बुडाला काळे झाले होते. आई बटाटे बरोबर अकराला लावायची, काठोकाठ पाणी घालून. एवढ्या आचेवर एवढं पाणी आटायला किती वेळ लागतो, हे ताईला सांगायला कुणाची गरज नव्हती. आयुष्यभर ती हेच करत आली होती. तास तरी. तिने गॅस बंद केला, कवचं आणि वेष्टण गोळा करून पिशवीत भरलं, पिशवी पर्समध्ये कोंबली आणि खाली धावली.

सरकारचं पोटही तपासावं लागलं, ते निभावलं. आईला पक्षाघाताचा झटका आला होता. डॉक्टरांनी विचारलं, नक्की केव्हा पडल्या? सरकार ताईच्या आडून म्हणाला, पडली आणि मी लगेच फोन केला. डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, अकराच्या सुमाराला असेल, नक्की माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध देतोय, पण तासभर आधी आणलं असतं तर मेंदूचा बराच भाग वाचला असता. आता बघू.

आई नऊ दिवस होती. उजवी बाजू गेली होती, जीभ जड, पण चौथ्या दिवशी बोलायला लागली, तुटक तुटक. सरकार उशाशी बसलेला असायचा. तिने डावा हात त्याच्या गालावर ठेवला आणि विचारलं, मी पडले तेव्हा घाबरलास का रे?

सरकार म्हणाला, “मी लगेच ताईला फोन केला.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने ताईला शोधलं. तिचा चेहरा अर्धाच हलत होता, पण त्या अर्ध्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की ताईला तिकडे बघवेना.

“ऐकलंस का गं?” आई म्हणाली. “दार उघडं होतं. सगळं समोर होतं. तरी आधी फोन केला.”

ताईच्या पर्समध्ये ती पिशवी अजून तशीच होती. तिने मान हलवली. म्हणाली, हो आई, आधी फोन केला त्याने.

मग आईने तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं, आता मला त्याची काळजी नाही. औषध येईल तेव्हा येईल, मूळचा पोर माझा शहाणा आहे. त्याला कुणाच्या ओटीत टाकू नकोस, तूच बघ. ताई म्हणाली, बघते. आईने विचारलं, औषध येतंय ना? ताई म्हणाली, येतंय. एवढं बोलून आई दमली आणि डोळे मिटून पडली. नवव्या दिवशी दुपारी दुसरा झटका आला आणि ती गेली.

सगळं आटोपलं, माणसं आपापल्या घरी गेली. ताईने आपली खोली सोडली आणि किल्ली गळ्यात घातली. मलमाच्या कामावर अर्धवेळ लावून घेतलं. सकाळी शेजारच्या मावशी बसायच्या, अकरापासून ती स्वतः. सरकार रडला नव्हता. तो दिवसभर चित्राच्या कडा जुळवायचा. आणि साडेबाराला जेवायचा. ताई त्याला वाढायची, त्याच्याकडे न बघता वाढायची. आतल्या आत तिला वाटायचं, जेवतो कसा हा? मग स्वतःचीच लाज वाटायची. जिने नऊ वर्षं त्या भुकेचा एकेक अणू मोजला, तिलाच ती भूक माफ करता येत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती त्याच्याशेजारी बसून आकाशाचे निळे तुकडे वेगळे करत होती. बारा वाजायला आले होते.

“ताई, औषध झालं?”

ती सवयीने ‘होतंय’ म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं.

“नाही,” ती म्हणाली. “होणार नाही. माझी चूक झाली. औषध चाललंच नव्हतं, मला वाटलं चाललं. आता ते काम बंद पडलंय.”

त्याने हातातला तुकडा फिरवला. “म्हणजे भूक अशीच राहणार?”

“हो.”

“मी मरेपर्यंत?”

“हो, बाळा.”

“आईला माहीत होतं?”

“नाही. मला पाच महिने आधीच कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही. शेवटपर्यंत येतंय, येतंय म्हणत राहिले.”

“खोटं बोललीस.”

“हो.”

त्याने तुकडा खाली ठेवला. जागा सापडली नव्हती, तसाच ठेवला.

“मी पण,” सरकार म्हणाला. “मी आधी खाल्लं. आई आवाज करत होती. मी तिच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला आणि तिला म्हटलं, थांब हं, एवढा पाव संपला की फोन करतो. मग अंडी दिसली. मग साखर.” तो थांबला. “मला फोन करायचा होता, ताई. सारखं वाटत होतं, आता करतो, आता करतो.”

ताई म्हणाली, “मला माहीत होतं.”

“तरी तू आईला सांगितलं नाहीस?”

“नाही.”

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ कापायला लागले होते, लहानपणी कापायचे तसे.

“ताई,” तो म्हणाला, “मला आत्तापण भूक लागलीय. हे सांगतानापण लागलीय.”

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तो रडला, तोंड उघडं टाकून, मोठ्याने. ताईने त्याला कुशीत ओढलं. मनातला सगळा राग त्या एका वाक्याने कुठे गेला तिला कळलं नाही. उरलं ते एवढंच की तोही बिचारा त्या दिवशी तासभर त्या स्वयंपाकघरात आईसारखाच असहाय पडला होता, फक्त उभा होता. तीही मग रडली, त्याच्या केसांत तोंड खुपसून. जेवायला अजून अर्धा तास होता, आणि तेवढा वेळ दोघं तसेच बसून राहिले.